ताईच्या उंचीचा ओटा

आमचे भावोजी परक्या बायकांना कोपरात हात दुमडून उभं राहायला सांगायचे, आणि त्याबद्दल त्यांनी कधी मार खाल्ला नाही. उलट त्याचाच पगार मिळायचा. स्वयंपाकघरं बनवून देणाऱ्या एका शोरूममध्ये ते माप घ्यायला होते. ओटे, कपाटं, ट्रॉल्या, सगळ्याचा नकाशा त्यांच्या हातचा. खिशात टेप असायचीच. माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांचा खिसा फुगलेला दिसतो.

त्यांचा एक नियम होता. नवराबायकोपैकी फक्त नवरा शोरूममध्ये आला, तर ते त्याला खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे, पण पेन्सिल उचलायचे नाहीत. म्हणायचे, “ओट्यापाशी जे उभं राहणार, त्यांना घेऊन या.” मग त्या बाई आल्या, किंवा घरात स्वयंपाक करणारा कुणी बुवा आला, की त्याला सरळ उभं करायचं, हात दुमडायला लावायचा आणि कोपराच्या वीतभर खाली खूण करायची. तोच ओटा. त्यापेक्षा उंच झाला की खांदा जातो, बुटका झाला की कंबर जाते, हे ते शाळेतल्या मास्तरासारखं ऐकवायचे.

पैशांच्या बाबतीतही त्यांचा सल्ला असाच खणखणीत. आधी गळतं ते बघा, मग चमकतं ते. हप्ते संपायच्या आत जी वस्तू जुनी होणार, तिच्यासाठी कर्ज काढू नका. साठवलेलं सगळंच्या सगळं घरात ओतू नका, आजारपण आलं तर भिंत काही पैसे परत देत नाही. मालक आतल्या केबिनमध्ये बसून दात-ओठ खायचा, कारण भावोजी लोकांना महागातलं सोडून साधं घ्यायला लावायचे. पण तेच लोक पुढे आपल्या भावाला, शेजाऱ्याला घेऊन यायचे, म्हणून मालक गप्प राहायचा.

आणि या माणसाच्या स्वतःच्या घरात माझी ताई पाटावर उभी राहून स्वयंपाक करत होती.

ताई बुटकी. आमच्या घरात तिला लहानपणापासून ‘चिमणी’ म्हणतात. घर विकत घेतलं तेव्हा ओटा आधीच्या मालकानं बांधलेला, तो बहुधा ताडमाड असावा. ताईनं पहिल्याच आठवड्यात एक लाकडी पाट ओट्यासमोर टाकला आणि त्यावर चढून ती भाजी ढवळू लागली. कणीक मळायला चढ, पाणी घ्यायला उतर, पुन्हा चढ. पाट मध्ये खोलगट झाला तरी तेच. मागच्या भिंतीला ओल होती, प्लास्टर पापुद्र्यांसारखं सुटायचं, ते ती रोज सकाळी फडक्यानं पुसायची. कपडे लहानमोठे करून देण्याचं काम ती घरीच करते. त्या कमाईतून तिनं बँकेत एक ठेव ठेवली होती, दोघांच्या नावावर. भिंत नीट करायची आणि ओटा खाली घ्यायचा, एवढ्यासाठीच. भावोजी दरवेळी म्हणायचे, “थांब जरा, एकदाच नीट करू.” लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणायची आणि ते हसायचे. मेहुणीचं बोलणं कोण मनावर घेतं.

मग एक गिऱ्हाईक घरी आलं. काचेच्या दुकानाचे मालक, भावोजींच्या सल्ल्यानं नुकतंच स्वयंपाकघर करून घेतलेले, खूश झालेले. या बाजूला आलो होतो, म्हटलं ज्यांनी आमचं एवढं छान केलं त्यांचं स्वतःचं कसं आहे ते बघावं, असं म्हणत ते उठून आत निघालेच. भावोजी दारात आडवे आले. आत पाहुण्या बाई झोपल्यात, म्हणाले.

आत कुणी पाहुणी नव्हती. ताई होती, पाटावर, हातात झारा. तिनं सगळं ऐकलं आणि गॅस बारीक केला, आवाज होऊ नये म्हणून. हे तिनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तेही दुसरंच काही सांगताना. त्या दिवशी लाज वाटली ती भावोजींना, पण ती चुकीच्या गोष्टीची वाटली. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

त्याच सुमारास शोरूमनं नमुन्यादाखल मांडलेली स्वयंपाकघरं बदलायला काढली. काचेपाशी एक लालभडक, आरशासारखं चकचकीत होतं, येणारा-जाणारा थबकून बघायचा. मालकानं ते नोकरांना अर्ध्या किमतीत देऊ केलं. भावोजींनी हात वर केला. ठेव मुदतीआधी मोडली. उरलेल्या रकमेसाठी शोरूममध्ये टेबल टाकून बसणाऱ्या त्या ‘बिनव्याजी’वाल्याकडून कर्ज घेतलं. व्याज नाही म्हणतात आणि प्रोसेसिंगच्या नावाखाली कापून घेतात, हे भावोजींनीच शंभर जणांना सांगितलं असेल. भिंतीच्या ओलीकडे बघायला पैसे उरले नाहीत. लाल कपाटांमागे ती झाकली जाणार होती, मग काय.

ताई तेव्हा माझ्याकडे होती, माझं पोटाचं ऑपरेशन झालं म्हणून. भावोजी रोज फोन करायचे आणि ताईला म्हणायचे, घाई करू नकोस, मेहुणीबाईंना चांगलं बरं होऊ दे. एवढी माया ऐकून मला तेव्हाच संशय आला होता.

ती परतली त्या दिवशी त्यांनी चार माणसं बोलावली. शेजारचे, मी, आणि मुद्दाम ते काचवाले त्यांच्या बायकोसह. दार उघडलं आणि खरं सांगते, आम्ही सगळे बघतच राहिलो. दिवे लावले होते. भावोजींचा चेहरा लग्नातसुद्धा इतका उजळला नव्हता. ताई दारातच थांबली. “आपलं आहे?” एवढंच तिनं विचारलं. तिला आनंद झाला होता. तो मी पाहिला, म्हणून पुढचं मला जास्त लागलं.

शेजारणीनं एक खण ओढला. उघडेना. तिनं जोर लावला. भावोजी घाईनं म्हणाले, तो नुसता दर्शनी आहे, नमुन्यात तसे दोन-तीन असतात. शेजारीण हसली, आम्हीही हसलो, तेही हसले. मग कुणीतरी म्हणालं, वहिनी, नव्या ओट्यावर पहिला चहा तुमच्या हातचा.

ताई पुढे झाली आणि ओटा तिच्या छातीशी आला. शोरूममध्ये कुणी स्वयंपाक करत नाही. तिथला ओटा उभ्या पुरुषांना हात टेकून भाव करता यावा इतका उंच ठेवलेला असतो. तिनं सवयीनं पायानं चाचपलं. मग खाली बघितलं, कोपऱ्यात बघितलं.

“अहो, माझा पाट कुठंय?”

भावोजी म्हणाले, “भंगारात दिला.”

ते म्हणताना त्यांना कळलं. मी त्यांच्याकडेच बघत होते. ज्या माणसानं अख्ख्या गावाची कोपरं मोजली, त्यानं आपल्या बायकोचं मोजलं नव्हतं. काचवाल्यांच्या बायकोला बिचारीला काय बोलावं कळेना, म्हणून ती नको तेच बोलून गेली. “आमच्याकडे तर मला तीनदा बोलावलं होतं तुम्ही, मापासाठी.”

भावोजींचे कान त्या कपाटांसारखे लाल झाले. कुठेही बघायला जागा नव्हती, सगळीकडे चकाकी, आणि चकाकीत त्यांचंच तोंड.

तेव्हा ताई वळली आणि अगदी सहज म्हणाली की मीच सांगितलं होतं उंच ठेवा म्हणून, वाकून वाकून पाठ दुखते माझी. मग टाचा उचलून तिनं चहा केला. मी उठले तर डोळ्यांनीच मला खाली बसवलं. सगळे चहा प्यायले, छान झालाय म्हणाले. भावोजींचा कप तसाच राहिला. त्यांनी तिच्या स्वयंपाकघराची लाज वाटून खोटं बोलायचं आणि तिनं त्यांची लाज राखायला खोटं बोलायचं, हे त्यांना त्या चहाबरोबर गिळता आलं नाही.

त्यानंतर त्या घरात त्यावर कुणी बोललं नाही. ताई रिकामं क्रेट उलटं घालून त्यावर उभी राहू लागली. भावोजींनी शोरूममधून स्टीलची चकचकीत पायरी आणली. ती फरशीवर सरकायची, म्हणून ताईनं पुन्हा क्रेट घेतलं. वरची कपाटं तिच्या हाताला लागतच नव्हती, त्यात काही नव्हतंच. उजवा खांदा दुखायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, हात वर धरून काही काम करता का. ताई म्हणाली, नाही. भावोजी शेजारी बसले होते.

दुकानात त्यांचा नियम बंद पडला. नवरा एकटा आला तरी ते नकाशा काढू लागले. एकदा मालकानंच विचारलं, काय हो, बाईंना घेऊन या नाही म्हणालात? भावोजींनी टेप खिशातून काढली आणि परत ठेवली. मालकाला वाटलं माणूस सुधारला.

पाऊसपाणी व्हायचं तसं झालं आणि भिंतीची ओल कपाटांत शिरली. प्लाय फुगला, वरचा लाल सनमायका कडेनं सुटला. हप्ते मात्र ठणठणीत होते.

एका दुपारी भावोजी माझ्या घरी आले. एकटे कधी येत नाहीत. पाणी मागितलं, प्यायले नाहीत. आणि मान खाली घालून मला विचारलं, “तुझ्या ताईची उंची किती असेल गं?”

मी तापट आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, “नवरा तुम्ही, टेप तुमच्या खिशात, आणि माप मी देऊ?”

ते उठून जातील असं वाटलं होतं. ते बसून राहिले. मग एकेक सांगत गेले. ठेव मोडल्याचं, कर्जाचं, पाहुणी झोपल्याच्या थापेचंही. ठेवीचं अजून तिला सांगितलं नाही, म्हणाले. काय तोंडानं सांगू. पन्नाशी उलटलेला माणूस माझ्या खुर्चीत एवढासा होऊन बसला होता, आणि मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्यासाठी रडूही येत होतं. मी म्हटलं, तुमचे सगळे शर्ट ताई शिवते. कधी टेप लावताना पाहिलंत तिला? तिला तुमचं माप पाठ आहे. त्यांनी शर्टाची बाही तेवढी नीट केली आणि गेले.

घरी जाऊन त्यांनी तिला शिवणाच्या मशीनवरून उठवलं. आधी ठेवीचं सांगितलं. ताई म्हणाली, “माहितीये. ओटा आला त्याच महिन्यात कळलं. बँकेतल्या बाईंचे कपडे माझ्याकडेच येतात.” म्हणजे तो लाल ओटा पहिल्यांदा बघून तिला आनंद झाला, तेव्हा ठेवीचं माहीत नव्हतं. आणि कळल्यावर इतके महिने ती क्रेटवर चढून त्यांना जेवायला वाढत होती. ही गोष्ट मला विचाराल तर हप्त्यांपेक्षा महाग पडली त्यांना.

मग तिला स्वयंपाकघरात नेलं, टेप काढली आणि म्हणाले, “उभी राहा. हात दुमड.” भिंतीवर पेन्सिलीची खूण केली, पुसली, पुन्हा केली. ती खूण शेजारच्या लाल ओट्याच्या किती खाली होती, ते बघून ते खालीच बसले.

पुढचं त्यांनी त्यांच्या गिऱ्हाइकांना सांगायचे तसंच केलं. नवं कर्ज नाही. लाल कपाटं काढली. वरची धड होती ती एका बॅचलरला विकली, फुगलेली फेकली. आलेल्या पैशांत आधी भिंत. गवंड्यानं प्लास्टर खरवडलं, बाहेरच्या पाइपाची गळती सापडली, ती बंद केली, भिंत पूर्ण वाळेपर्यंत थांबले. तोवर ताईनं बाहेरच्या खोलीत टेबलावर स्वयंपाक केला. मग विटांचा ओटा, वर साधा काळा दगड, खाली पडदा. खण नाहीत, दारं नाहीत. ती पुढे पैसे साठतील तशी. ज्या लाल स्वयंपाकघराचा आता खिळाही घरात नाही, त्याचा हप्ता मात्र अजून जातो. पैसे कापले की मोबाइल वाजतो. वाजला की भावोजी जेवता जेवता थांबतात, मग पुन्हा खाली बघून जेवतात.

शोरूममध्ये ते परत म्हणू लागले आहेत, ओट्यापाशी जे उभं राहणार त्यांना घेऊन या. पण आता मास्तरासारखं नाही म्हणत. कुणी का विचारलं, तर सांगतात, मी आमच्या हिला नेलं नव्हतं.

ओटा झाला त्या दिवशी कुणाला बोलावलं नाही. मी आपली न बोलावता गेले होते. ताई चहाला उठली. ओट्यापाशी गेली आणि तिनं उजवा पाय उचलला, पाटावर चढायला. पाट नव्हता, चढायची गरज नव्हती. पाय हवेत राहिला, तोल गेला, तिनं दगडाची कड धरली. दगड बरोबर तिच्या हाताशी होता.

“सवय आहे,” ती आमच्याकडे न बघता म्हणाली. “जाईल.”

भावोजी दारात उभे होते. त्यांनी ते पाहिलं. ते बाहेरच्या खोलीत गेले, आणि चहा झाला तरी बराच वेळ आत आले नाहीत. ताईनं कप झाकून ठेवला.