पांढरी बोंडं

आमच्या चर्चमधली वेदी मी लहानपणी गुलाबी पाहिली, शाळेत असताना पोपटी आणि लग्न ठरलं तेव्हा चंदेरी. आमच्याकडे नवस फेडायची रीतच तशी. पोरगं पास झालं, म्हैस सुखरूप व्याली, की वेदीला ऑइलपेंटचा एक हात. देवदूतांची नाकं त्या रंगाखाली केव्हाच बुजली होती. मला ते बघून हसू यायचं, आणि रागही.

आमचं गाव जळगावहून येताना नशिराबादच्या अलीकडे. पिळदार खांबांची ती उंच लाकडी वेदी गोव्याहून आली, असं सगळे सांगत. ऐंशीचं दशक संपता संपता चर्चच्या दुरुस्तीची बैठक भरली, तेव्हा कमिटी म्हणाली, "परक्या मुलखातली वस्तू, त्यात वाळवी लागलेली. काढून टाकू आणि टाइल्स बसवू." फादरांनीही मान डोलावली.

आई उभी राहिली. जळगावच्या जिनिंगमध्ये पांढऱ्या कापसातून डागाळलेला पिवळा कापूस वेगळा करण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलेलं. ती म्हणाली, "मना लगीननी साक्षीदार शे ती. मी खरवडस. लाकूड सडेल निंघनं ते कुऱ्हाड मीच आनी दिसू."

लाकूड सडकं निघालं तर कुऱ्हाड तीच आणून देणार, या बोलीवर फादरांनी नाताळपर्यंत मुदत दिली.

मी तेव्हा शाळेत शिकवत होते. शाळा सुटली की तडक चर्चमध्ये. टर्पेंटाइनची चिंधी, चमच्याचा दांडा आणि आम्ही दोघी. बोटांची सालटी निघाली. येणारे-जाणारे म्हणत, "मायलेकींना दुसरा उद्योग नाही." मला रडू फुटायचं, पण कमिटीपुढे हार मानायची नाही, एवढं पक्कं होतं. लाकूड आतून धडधाकट निघत होतं, तरी कमिटीचा टाइल्सचा धोशा सुरूच.

खांबांवर द्राक्षांचे घड कोरलेत, असं फादर प्रवचनात सांगत. एक घड घासता घासता आई थबकली. मग तिने जोरात हाक मारली, "फादर, हाऊ ते कापूस शे!"

खरंच, उमललेली बोंडं होती. खाली फुटलेली टरफलं, वर फुगलेला कापूस. कोरणाऱ्याने द्राक्षाचा वेल पाहिलाच नसावा. जे रोज डोळ्यांपुढे होतं तेच त्याने कोरलं. वेदी गोव्याची नव्हतीच, इथलीच होती. कमिटीची माणसं बघायला आली. सगळे कापूस पिकवणारे. बोंड कोणत्या वाणाचं यावरून त्यांच्यात जी जुंपली, त्यात टाइल्सचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. मी पदराआड पोटभर हसून घेतलं.

नाताळच्या तोंडावर वर्ख लावणारा कारागीर आला. त्याने आधी सगळ्या लाकडाला खडूचं पांढरं अस्तर दिलं, मग पंख, कमानी, खांब, सगळं सोन्यानं झळाळलं. शेवटी तो ब्रश घेऊन बोंडांकडे वळला, तशी आई आडवी आली.

"बठ्ठं सोनानं कर, भाऊ. पन कापूस पांढराच राहू दे. पिवळा पडना ते त्याले कोन इचारस?"