गावाने फिरवलेल्या शिफारशी

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग थोडं वाईटही वाटतं. खून नाही, दरोडा नाही, अख्ख्या प्रकरणात हातकडी एकदाही बाहेर निघाली नाही. तरीही माझ्या नोकरीतल्या मोठमोठ्या तपासांपेक्षा हेच प्रकरण मी नातेवाइकांना जास्त वेळा सांगितलं असेल.

मी मूळचा धुळ्याकडचा. नोकरीची शेवटची वर्षं यावल भागातल्या एका ठाण्यात काढली. एके दिवशी वरिष्ठ कार्यालयाकडून एक तक्रार अर्ज चौकशीसाठी आला. तक्रारदार पुण्याची एक कंपनी, शीतगृहांचा आणि फळं परदेशी पाठवण्याचा व्यवसाय करणारी. आमच्या हद्दीतल्या एका गावच्या मुलीने नोकरीसाठीच्या सोशल नेटवर्कवर स्वतःच्या नावे खोटा अनुभव टाकला, बनावट खाती उघडून स्वतःलाच शिफारशी लिहिल्या, आणि यामागे टोळी असावी, असं अर्जात म्हटलं होतं. त्या काळात बनावट अनुभवपत्रांच्या बातम्या येतच होत्या, त्यामुळे वरिष्ठांनी अर्जावर 'तातडीचे' असा शेरा मारलेला होता.

मला हे नेटवर्क काय असतं तेच ठाऊक नव्हतं. ठाण्यातल्या एका तरुण शिपायाला बसवून मी माझं खातं उघडून घेतलं. त्याचं स्वतःचं होतंच, त्यावर 'संरक्षण क्षेत्रातील नेतृत्व' असं लिहिलेलं पाहून मी त्याला विचारलं की बाबा, तू तर वायरलेसवर बसतोस, नेतृत्व कोणाचं करतोस? तो लाजला. पुढे दोन-तीन दिवस मी ते नेटवर्क वाचत बसलो. जो तो ध्येयवादी, जो तो उत्साही, प्रत्येकाला बढती मिळाल्याचा आनंद. आपण सारा जन्म माणसांचे दोष नोंदवण्यात घालवला, आणि इथे दोष नावालाही सापडत नव्हता.

त्या गर्दीत या मुलीचं पान वेगळं वाटलं. विशेषणं जवळजवळ नव्हतीच. वडील आजारी पडल्यावर तीन हंगाम गावच्या शेतकऱ्यांची केळी उत्तरेकडे पाठवण्याचं काम पाहिलं, कापणीच्या टोळ्या ठरवल्या, ट्रक लावले, व्यापाऱ्यांशी बोलणी केली, एवढंच साध्या भाषेत होतं. एका बड्या अधिकाऱ्याने केळीच्या वाहतुकीवर काहीतरी लिहिलं होतं, त्याखाली तिने नम्रपणे त्याची चूक दाखवली होती. त्यावरून त्या अधिकाऱ्याने तिला निरोप पाठवला, पुढे मुलाखत झाली, निवड झाली. ओळख ना पाळख, केवळ लिहिण्यावरून नोकरीच्या दारापर्यंत गेलेली ही मुलगी होती. आमच्या वेळी याला वशिला लागायचा.

खाली दहा-बारा शिफारशी होत्या. सगळ्या त्याच गावच्या लोकांच्या, सगळी खाती एकाच सुमारास उघडलेली. कंपनीत नोकरभरती पाहणाऱ्या बाईंनी रीतीप्रमाणे या लोकांना फोन करून खात्री केली, तर एकजात सगळे म्हणाले, मुलीने असं काही काम केलेलं नाही, ती घराबाहेर पडतच नाही. झालं, कंपनीने नेमणूक थांबवली आणि अर्ज ठोकला.

तेवढ्यात आमच्या खबऱ्याने आणखी तेल ओतलं. त्याची बसस्थानकाजवळ चहाची टपरी. त्याने सांगितलं, शेजारच्या संगणक केंद्रात मध्यंतरी एका मुलीने गावची माणसं आणून रांगेत बसवली होती आणि एकेकाचं खातं उघडून घेतलं होतं. केंद्रवाल्याला बोलावलं, त्यानेही दुजोरा दिला. वरवर पाहता गुन्हा दाखल करायला एवढं पुरेसं होतं. माझ्या हाताखालचे अधिकारी तर म्हणाले, साहेब, आता काय उरलं?

मी म्हटलं, आधी मुलीला भेटू. तिला दिवसाउजेडी, घरी कळू न देता ठाण्यात बोलावून, महिला हवालदारासमोर विचारपूस केली. वय चोवीस-पंचवीस, बोलणं सरळ. माणसं मीच नेली, म्हणाली. त्या नेटवर्कवर सांगतात की ज्यांच्यासोबत काम केलं त्यांच्याकडून शिफारस घ्या. मी ज्यांच्यासोबत काम केलं ते शेतकरी, टोळीचे मुकादम आणि ट्रकवाले, त्यांची खाती कुठून असणार? म्हणून उघडून दिली. शब्द त्यांचे, टाइप करणारा केंद्रवाला. यात लपवण्यासारखं काय आहे?

मग तेच लोक फोनवर 'नाही' असं का म्हणाले, हे विचारल्यावर मात्र तिचा सूर बदलला. ती म्हणाली, "साहेब, नोकरी गेली तरी चालेल. पण माझ्या काकांना ठाण्यात बोलावू नका."

माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ही दुसऱ्यावर पांघरूण घालत होती. हळूहळू विचारल्यावर कळलं की वडील अंथरुणाला खिळल्यापासून घरचं सगळं काका पाहतात, आणि तिने पुण्याला जाऊ नये म्हणून काकांनीच गावाला नाही म्हणायला लावलं, अशी तिची समजूत झालेली होती. घरात तिने हा विषय काढलाच नव्हता. एकाच घरात दोन्ही वेळा एकाच पंगतीला जेवणारी माणसं, आणि आतून तुटलेली. मला तिची दया आली, हे मी लपवत नाही.

ती गेल्यावर मी शिफारशी पुन्हा वाचायला घेतल्या. एका मुकादमाने लिहवून घेतलं होतं की पोरीमुळे टोळीला वेळेवर पाणी मिळालं. ट्रकवाल्याची तक्रार होती की ती उशीर खपवून घेत नाही आणि सगळ्यांदेखत बोलते. काकांचं म्हणणं होतं, हिशेबात पक्की आहे पण रागीट. प्रत्येकाचा सूर वेगळा. आणि फोनवरच्या उत्तरांचं टिपण कंपनीने जोडलं होतं, ते पाहावं तर सगळ्यांचं एकच वाक्य: मुलगी घरंदाज आहे, उंबरठ्याबाहेर जात नाही. साक्षीदार खरं सांगतात तेव्हा त्यांच्यात थोडाफार फरक पडतोच. सगळ्यांचा जबाब तंतोतंत जुळला की समजावं, पढवलेले आहेत. म्हणजे लिहिलेलं खरं असावं आणि बोललेलं खोटं. पण का, हे काही केल्या उलगडेना.

पोलिसांची गाडी तरण्याताठ्या मुलीच्या दारात उभी राहिली तर गाव काय काय बोलेल, या विचाराने मी खासगी गाडी घेतली. साधे कपडे घातले, महिला हवालदार साडी नेसून आल्या. दुपारच्या आधी आम्ही गावात पोहोचलो. केळीच्या बागांमधून रस्ता, पुढे सातपुड्याची रांग. काकांचं घर विचारलं, मुलीची थोडी चौकशी करायची आहे, एवढंच बोललो.

त्यानंतर जे घडलं तसं स्वागत पोलीस खात्याचं कधी झालं नसेल. काकांनी घाईघाईने टोपी बदलली. खाटेवर धुतलेली चादर आली. हां हां म्हणता शेजारची चार वडीलधारी माणसं येऊन बसली. आतून फोडणीचा वास आणि मागोमाग पोहे. मी मुलीविषयी विचारलं तसे काका घडाघडा बोलू लागले.

"आमची पोरगी लय गुनाची. कालेजात गेली अन् घरी आली. घराच्या बाहीर तिचा पाय नाही."

हवालदारबाईंनी ट्रकचं विचारलं. काका हसले, ट्रकशी तिचा काय संबंध, म्हणाले. मग माझ्या बोलण्याच्या ढंगावरून त्यांनी ओळखलं आणि विचारलं, "तुमी धुळ्याकडले का? मुलगा कुठी हाये कामाले?" त्याच वेळी काकू आतून डोकावून हवालदारबाईंना विचारत होत्या, की तुम्ही मुलाच्या आत्या का? बाईंच्या घशात पोहे अडकले.

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. आमच्या खानदेशात स्थळाची चौकशी कोणी उघडपणे करत नाही. मुलाकडचे कधी विमावाले होऊन येतात, कधी जमीन पाहायला. माझ्या भाचीच्या वेळी मी स्वतः कापसाचा व्यापारी होऊन एका गावात चहा पिऊन आलो होतो. आणि ज्याच्या घरी जातात तोही ओळखून असतो, पण ओळखल्याचं दाखवत नाही.

मी ओळखपत्र काढून पुढे ठेवलं. बसलेली माणसं एकेक करून उठली. काकांचा चेहरा उतरला, पण त्यांनी काही दडवलं नाही. पुण्याहून एका बाईचा फोन आला, आवाज गोड, आणि प्रश्न काय, तर मुलगी प्रवास करते का, पुरुषांबरोबर जमवून घेते का, चिडते का. काका म्हणाले, "नोकरीसाठी कोनी असं विचारीन का साहेब? मी समजलो, मोठ्या घरची सोयरीक हाये." लागलीच त्यांनी गावात निरोप फिरवला, की पुण्याचा फोन आला तर एवढंच बोला. गाव शब्दाला जागलं. शिफारस म्हणजे पोरीचा कसला तरी कालेजचा अभ्यास, असंच सगळे धरून चालले होते.

मुलगी आतल्या दाराशी उभी राहून ऐकत होती. काकांनी आपला रस्ता अडवला, ही तिची समजूत त्या क्षणी गळून पडली असावी, कारण तिने पदराने नव्हे, सरळ हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले.

मी काकांना सांगितलं की तुमच्या जबाबावर माझी चौकशी संपेल, गुन्हा दाखल होणार नाही. पण नोकरी हवी असेल तर कंपनीला तुम्हीच खरं सांगायला हवं.  काकांनी उलट मलाच विचारलं.

"खरं सांगतलं तर नोकरी लागीन. पन ट्रकवाल्यांशी भांडनारी म्हनून नाव झाल्यावर हिले स्थळ कोन आनीन? तुमी जिम्मा घेता का?"

मी जिम्मा घेतला नाही. पोलिसाने घेऊही नये. काका उठून आत भावाच्या खाटेपाशी गेले. आजारपणामुळे मुलीच्या वडिलांना बोलता येत नव्हतं, तरी दोघांत खुणांनी काय ते ठरलं. बाहेर आले आणि पुतणीला म्हणाले, लाव त्या बाईले फोन.

फोन माझ्यासमोर, सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. काकांनी आधी सांगून टाकलं की मागच्या वेळी आपण खोटं बोललो आणि का बोललो. पलीकडे बाई बहुधा हसू दाबत असाव्यात. मग काका सांगत गेले. भावाने अंथरूण धरल्यावर सगळी केळी तिनेच गाड्यांत लावली, भर उन्हात टोळीबरोबर उभी राहिली, ट्रक बंद पडला तेव्हा केबिनमध्ये बसून दुसरा ट्रक शोधायला गेली. ज्या गोष्टी त्या माणसाने आजवर पाहुण्यांपासून लपवल्या, त्याच तो आता अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता. शेवटी बाईंनी त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला, मुलीत काही उणीव?

"हाये एक," काका म्हणाले. "ती कोनाचं ऐकत नाही. माहंही नाही ऐकलं कधी. अन् दर खेपी तिचंच बराबर निघालं."

मुलगी आत निघून गेली. काकूही तिच्यामागे गेल्या. काका फोन हातात धरून तसेच बसून राहिले.

कंपनीने तक्रार मागे घेतली. मी चौकशी अहवालात 'गैरसमजातून' असा शब्द वापरून अर्ज निकाली काढला, कारण यातलं बाकी काही लिहायला आमच्या नमुन्यात रकानाच नाही. मुलगी पुण्यात रुजू झाली. तिला स्थळ आलं की नाही, हे मी मुद्दाम कधी विचारलं नाही.

इतकी वर्षं मला वाटायचं की माणूस खरं बोलतो किंवा खोटं बोलतो, आणि ते ओळखणं हेच आपलं काम. काकांनी मला शिकवलं की माणूस आधी समोरचा कोण हे ठरवतो, आणि मग त्याला शोभेल ते उत्तर देतो. एकाच मुलीचं काम व्यापाऱ्यापुढे मिरवायचं आणि पाहुण्यापुढे झाकायचं, यात त्याला काडीचीही लबाडी वाटत नाही, कारण दोन्ही वेळा तो तिचं भलंच पाहत असतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी जबाब घ्यायला बसलो की पहिला प्रश्न गुन्ह्याविषयी विचारत नसे. मी विचारायचो, मी इथे कशासाठी आलोय असं तुम्हाला वाटतं?