पाणी लागलं, पण कुणाचं?

बजाजनगरला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ताई भूजलावर संशोधन करतात. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, त्यामुळं शिकलेल्या माणसाला प्रश्न विचारायला मी लाजत नाही. पण ताईंना काहीही विचारा, सोयगावकडच्या बोलीत उत्तर एकच, "बघावं लागंल." रस्त्यात विहीर दिसली की थांबतात, वाकतात आणि पाणी किती खोल आहे ते मोजायला पिशवीतली वजन बांधलेली टेप आत सोडतात.

गेल्या उन्हाळ्यात टँकरला कंटाळून कॉलनीनं बोअर घेतला. पाणी लागलं, पेढे वाटले. ताई पेढा हातात धरून म्हणाल्या, "पाणी लागलं, पण कुणाचं?"

"जमिनीचं! अजून कुणाचं?" कॉलनीचे अध्यक्ष हसले.

मोटार सुरू झाली, तशा ताई भिंतीपलीकडच्या वस्तीतल्या विहिरीवर जाऊन बसल्या. कुतूहलानं मीही गेलो. पाण्याला टेकायला टेप दर वेळी आणखी खोल जात होती. परत येऊन त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "मोटार बंद करा. आपण त्यांची विहीर उपसतोय."

"मग आम्ही काय प्यायचं? तुम्ही राहता कुठं, इथं का तिथं?"

"दोन्हीकडं पाणी एकच आहे. किती उपसलं तर विहीर पुन्हा भरते, ते मोजू."

कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या नळांना धो धो पाणी होतं. वस्तीची विहीर आटली, तिथं टँकर आला. रांगेत बायकांच्या मागं घागर घेऊन ताई उभ्या होत्या.

अध्यक्ष गॅलरीतून बराच वेळ बघत राहिले. मग खाली उतरून रांगेपाशी गेले.

"ताई, मोटार बंद केली. आता किती वेळ चालवायची, ते तुम्हीच सांगा."