वळणावरचा खोडलेला खांब

दत्ताराम परब यांची नोकरी माझ्यामुळे गेली.

काल नाहूरला ते वारले. आता हे लिहिण्यात शौर्य काही नाही, हे मला ठाऊक आहे.

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या एका सल्लागार कंपनीत आम्ही कोळशाच्या मालगाड्यांसाठी रुळांवरच्या विजेच्या तारांची आखणी करत होतो. मी अभियंता, ते ड्राफ्ट्समन.

एका वळणावर मी दोन खांबांमधले अंतर वाढवले आणि एक खांब वाचवला. परबांनी मात्र तो नकाशाच्या ट्रेसिंग कागदावर रेखाटूनच ठेवला होता.

“सायबानू, हयसर एक खांब कमी पडता. वारो इलो की तार भायर जातली.”

“कार्यालयात शुद्ध मराठीत बोला, परब.”

“बरं. वारा आला की तार इंजिनावरच्या पेंटोग्राफवरून घसरेल, साहेब. शुद्ध मराठीतसुद्धा घसरेल.”

सारा विभाग हसला. मला ते झोंबले.

“तुम्ही रेषा ओढा, गणित मी पाहतो. तो खांब खरवडून टाका.”

त्यांनी ब्लेडने खांब खरवडला. मग कागदाच्या कोपऱ्यातल्या, बदल नोंदवायच्या रिव्हिजनच्या चौकटीवर बोट ठेवले.

“नोंद करू ना? कोणी सांगितलं, ते?”

“नको. नकाशा पुन्हा मंजुरीला जाईल.”

लाइन सुरू झाली. पहिल्याच उन्हाळ्यात, त्याच वळणावर, वावटळीत तार घसरली, तारेतून वीज घेणाऱ्या पेंटोग्राफमध्ये अडकली आणि दूरपर्यंत तुटून पडली.

चौकशीत तो कागद खिडकीच्या काचेवर धरला गेला. खरवडलेली जागा उजेडात स्पष्ट दिसली. नोंद नाही. तपासणीची सही माझी होती. पण खांब त्यानंतर परबांनीच परस्पर खरवडला असावा, असे सर्वांनी गृहीत धरले.

“खांब कोणी खोडला?”

“साहेबांना विचारा,” परब म्हणाले.

मी म्हणालो, “मला स्मरत नाही.”

वाक्य निर्दोष होते.

त्यांना काढले. मला बढती मिळाली. परब पुढे लोकांच्या पोटमाळ्यांचे नकाशे काढत राहिले.

आज त्यांच्या घरी गेलो. मुलीने ओळखले नाही. नाव सांगितल्यावर म्हणाली, “बाबा म्हणायचे, त्या साहेबांना सगळं आठवत असणार.”

बसा म्हणाली नाही. बरे केले.

परब, रिव्हिजनची नोंद आज करतो.

खांब माझ्या आदेशावरून खोडला. मूळ रेखाटन बरोबर होते.

श्रद्धांजली वाहण्याचा अधिकार मला नाही. अखेरचा नमस्कार तेवढा स्वीकारा.