वहिनीची तिसरी व्हायवा

इथले अनुभव मी नेहमी वाचतो. आणि खरं सांगतो, वाचताना डोक्यात एकच चालू असतं — यानं वायर तपासली होती का? प्लग सैल तर नव्हता? पंखा आपोआप लागला, टीव्ही आपोआप बंद पडला... अशा गोष्टींची कारणं शोधणं हाच माझा धंदा आहे. यवतमाळात आर्णी रोडला माझं छोटंसं दुकान आहे. कम्प्युटर, प्रिंटर, वाय-फाय, घरी जाऊन दुरुस्त करतो. सोळा वर्षं झाली. एका घरात दुपारी कम्प्युटर 'स्वतःहून' सुरू व्हायचा म्हणून दाराला लिंबू-मिरची बांधली होती. जाऊन पाहिलं तर कीबोर्डवर मांजर झोपायचं! तेव्हापासून तर माझा ठाम विश्वास — प्रत्येक गोष्टीमागे एखादं मांजर असतंच, फक्त सापडायला हवं.

या एका गोष्टीत मात्र मला मांजर सापडलेलं नाही. म्हणून लिहितोय.

माझी वहिनी, सुनंदा, झरी जामणी तालुक्यात एका आश्रमशाळेवर शिक्षिका आहे. यवतमाळहून पांढरकवडा, तिथून झरी, आणि झरीच्या पुढे जंगलाच्या कडेचं एक गाव. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दादा एसटीत ड्रायव्हर, दिग्रस डेपोला, त्यामुळे तो सुट्टीला तिकडे जातो आणि एरवी वहिनी एकटीच राहते. शाळा सांभाळून तिनं पीएचडी करायला घेतली होती. विषय — कोलाम आदिवासींच्या बोलीतले जंगलाचे शब्द. वाटांचे, झाडांचे, पाखरांचे, पावसाच्या खुणांचे. अकरा वर्षं ती वह्या भरत होती. त्यातले निम्मे शब्द एकट्या भीमाबाईंनी दिलेले. भीमाबाई म्हणजे वहिनीच्या शेजारच्या, सत्तरीच्या पुढच्या कोलाम बाई. अंगठा लावतात, पण शब्द विचारा, थांबणार नाहीत.

प्रबंध मंजूर झाला, राहिली फक्त शेवटची तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा. आणि नेमकी तेव्हाच वहिनी स्कूटीवरून पडली. मांडीपर्यंत प्लास्टर, दोन महिने प्रवास बंद. विद्यापीठानं ऑनलाइन परवानगी दिली. पहिल्या वेळी सातव्या मिनिटाला लिंक तुटली, ती परत जोडलीच गेली नाही. दुसऱ्या वेळी तर "नमस्कार" म्हणून झालं आणि स्क्रीन गोठली. मग तिच्या मार्गदर्शक बाईंचा निरोप आला, की तिसरी वेळ शेवटची. बाहेरचे परीक्षक वयस्कर, त्यांचं ऑपरेशन ठरलेलं. नवीन परीक्षक नेमायचे तर पुन्हा सगळी प्रक्रिया, आणि वहिनीच्या नोंदणीची वाढवून घेतलेली मुदत त्याच महिन्यात संपत होती. म्हणजे अकरा वर्षं पाण्यात.

वहिनीनं शाळेतल्या एका शिक्षकाला टेकडीवर पाठवून मला फोन करवला. घरात मोबाइलला रेंज नाहीच. आवाज ऐकायला टेकडी चढावी लागते, आणि इंटरनेट तर तिथंही मिळत नाही. मी आदल्या दिवशी सकाळीच निघालो. अॅडॉप्टर, केबल, केबलला टोक बसवायचा पाना, एक छोटा यूपीएस... अर्धं दुकान पिशवीत भरलं होतं.

वहिनी कॉटवर, पाय उशीवर. मला पाहताच म्हणाली, "भाऊजी, हे नाई झालं तं मी त्या वह्या चुलीत टाकीन. खरंच सांगून राह्यली."

"चूल कायले पेटवता वहिनी, आधी मले डबा पाहू द्या," मी म्हटलं.

डबा म्हणजे राउटर. गावात ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलं आहे आणि तिथून एका केबलवाल्यानं पंधरा-वीस घरांना लाइन दिली आहे. मी नेहमीच्या क्रमानं गेलो. सगळ्यात आधी पिंग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — पिंग म्हणजे दूरच्या कम्प्युटरला हाक मारायची आणि 'ओ' यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. बाहेर हाक मारली, 'ओ' तुटत होती. मग घरातल्याच राउटरला मारली... तीही तुटत होती! म्हणजे लाइनवाल्याला उगाच शिव्या. रोग घरातच होता.

एक नव्हे, तीन रोग निघाले. राउटर पत्र्याच्या पेटीमागे ठेवलेला, त्यामुळे वाय-फाय अर्धमेलं. ते सोडून दिलं, सरळ केबल टाकली आणि लॅपटॉपचं वाय-फाय बंदच केलं. दुसरं, शेजारचा पाण्याचा पंप सुरू झाला की व्होल्टेज पडायचं आणि राउटर गपकन बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. तिथं यूपीएस लावला. तरी दर काही मिनिटांनी एक झटका येतच होता. दुपारभर डोकं खाजवलं. शेवटी सापडलं — वहिनीच्या जुन्या प्रिंटरला आणि लॅपटॉपला एकच पत्ता मिळालेला! एकाच घरात एकाच नावाची दोन माणसं, आणि पोस्टमन गोंधळलेला. प्रिंटरचा पत्ता बदलला आणि पिंग सुरू ठेवली. एक तास, दोन तास. एकही हाक वाया नाही. चाळीस-बेचाळीस मिलिसेकंदात 'ओ' परत, घड्याळासारखी.

मी मिशीवर हात फिरवला. वहिनीनं तर भीमाबाईंना बोलावून सांगितलं, "भाऊजींनी बिमारी धरली!" भीमाबाईंनी राउटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "उद्या बोलन का हा?"

"बोलन मावशी. मी आहो ना."

दुसऱ्या दिवशी अकराची वेळ. साडेदहाला मी लॅपटॉपवर पिंगची खिडकी उघडून मागे चालू ठेवली, कॅमेरा लावला, वहिनीच्या पाठीमागे स्वच्छ चादर टांगली. राउटर बाहेरच्या खोलीत होता, त्याचा हिरवा दिवा पाहिला आणि ओसरीवर जाऊन बसलो. माझं काम आता एकच — शेजारचा पंप कुणी लावू नये आणि कोंबड्या खोलीत शिरू नयेत. अकराला दार ओढून घेतलं.

आतलं सगळं ऐकू येत होतं. सुरुवातीला वहिनीचा आवाज कापरा. मी घड्याळाकडे पाहत बसलेलो. सातवं मिनिट गेलं... दहावं गेलं... आवाज कुठेच तुटेना. हळूहळू वहिनीचाही सूर लागला. ते वयस्कर परीक्षक मोठे चिवट. जंगलातल्या वाटेसाठी तिनं दोन जवळजवळ सारखे शब्द दिले होते, ते त्यांनी पकडले. "हे दोन वेगळे शब्द आहेत, की तुमच्या ऐकण्यातली चूक?"

 मी उठून दाराला कान लावला, वाटलं गेली लाइन. तेवढ्यात वहिनीचा आवाज — "सर, ज्यांचे शब्द आहेत त्यांनाच विचारू या का?" आणि मग मला हाक, "भाऊजी, मावशीले पाठवा!"

भीमाबाई लुगड्याचा पदर सारखा करत आत गेल्या. कॅमेऱ्यापुढे बसून दोन्ही शब्द तीन-तीनदा म्हणून दाखवले. मग समजावून सांगितलं, की एक वाट माणसानं पाडलेली, अन् दुसरी जनावरानं. "तुमी चुकीच्या वाटंनं गेले तं पान्यावर पोचान, घरी नाई!" पलीकडे परीक्षा समितीतले चारही जण मोकळेपणानं हसले. त्या हसण्यातला एकेक आवाज मला ओसरीवर वेगळा ऐकू येत होता. असा स्वच्छ आवाज मी आमच्या यवतमाळच्या दुकानातसुद्धा ऐकलेला नाही.

बाराला दोन-तीन मिनिटं कमी असताना समितीच्या अध्यक्षांचा आवाज आला — "अभिनंदन, डॉक्टर सुनंदाताई."

मी दार ढकलून आत गेलो. वहिनी रडत होती, हसत होती. भीमाबाईंनी तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. वहिनीनं सगळ्यांना नमस्कार करून कॉल बंद केला. मी सहज मागची पिंगची खिडकी पाहिली, तर तिथं ओळ आली — उत्तर नाही. पुढची ओळ, उत्तर नाही. बाहेरच्या खोलीत गेलो. राउटरवर लाल दिवा लुकलुकत होता. लाल म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाही.

"वहिनी, काय नशीब आहे तुमचं! कॉल संपला अन् लाइन गेली!" मी ओरडलोच.

पाच मिनिटांत केबलवाला गजानन मोटारसायकलवर आला. चेहरा पडलेला. ओसरीवरूनच म्हणाला, "मॅडम, माफ करा. मी कितीक कोशिश केली. पाइपलाइन खोदता खोदता जेसीबीनं आपली मेन केबल तोडून टाकली. साडेधापासून अख्खं गाव बंद आहे. तुमची परीक्षा गेली ना?"



"साडेदहा?" मी म्हटलं. "गजाननभाऊ, साडेअकरा म्हणता का?"

"साडेधा हो. मी तिथंच उभा होतो ना. हे पाहा." त्यानं मोबाइलमधला फोटो दाखवला. खड्डा, जेसीबीचा दात आणि केबलची दोन टोकं, मध्ये हातभर अंतर. फोटोची वेळ दहा वाजून एक्केचाळीस मिनिटं.

त्याच्याबरोबर मी खड्ड्यावर जाऊन आलो. टोकं तशीच पडलेली. ग्रामपंचायतीच्या बाईंना विचारलं, त्यांचंही नेट सकाळपासून बंद. परत येऊन राउटरची नोंदवही उघडली, म्हणजे राउटर स्वतःच लिहून ठेवतो ती. फायबर तुटल्याची नोंद दहा सदतीसला. त्यानंतर जोडल्याची एकही नोंद नाही. राउटरचं घड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी लावून पाहिलं, दोन्ही बरोबर.

मग मी लॅपटॉपवरची पिंगची खिडकी वर सरकवत नेली. सुरुवातीच्या ओळी आदल्या दिवशीसारख्याच, चाळीस, एक्केचाळीस, चाळीस. आणि मग एका ओळीपासून पुढे... एक. एक. एक. एक मिलिसेकंद. हजारो ओळी, थेट कॉल संपेपर्यंत. सेकंदाला एक ओळ पडते, म्हणून ओळी मोजून वेळ काढली. बदल झाला तो दहा सदतीसलाच. जिथं केबल तुटली तिथंच.

एवढ्या लवकर 'ओ' फक्त घरातल्या घरात येऊ शकते. पण मी हाक मारत होतो तो पत्ता बाहेरचाच होता. कुणीतरी शेजारच्या खोलीत बसून परगावच्या माणसाच्या नावानं 'ओ' देत होतं म्हणा ना. 

बरं, भास म्हणावा तर व्हायवा खरंच झाली. विद्यापीठाकडे तिचं रेकॉर्डिंग आहे, मार्गदर्शक बाईंनी आम्हाला ते दाखवलंही. चित्र काचेसारखं स्वच्छ, कुठेही अडखळणं नाही. शेवटच्या मिनिटापर्यंत भीमाबाईंच्या कपाळावरचं गोंदण दिसतं.

त्या दुपारी मात्र मी हे सगळं बाजूला ठेवलं. टेकडी अक्षरशः पळत चढलो आणि दादाला फोन लावला. तो नुकताच पुसदच्या स्टँडवर गाडी लावून बसला होता. "दादा, वहिनी डॉक्टर झाली!" म्हटलं. तर तो फोन तसाच धरून गाडीतल्या पॅसेंजरांना मोठ्यानं सांगायला लागला, "माही बायको डॉक्टर झाली हो!" कुणीतरी विचारलं, दवाखाना कुठं टाकला? तर म्हणाला, "शब्दाची डॉक्टर आहे ते!"

संध्याकाळी शाळेतली पोरं-पोरी ओसरीभर जमली. त्यांनी वहिनीला कॉटसकट उचलून अंगणात आणायचं ठरवलं होतं, कसंबसं थांबवलं. मग खुर्चीवर बसवून आणलं. भीमाबाईंना शेजारच्या खुर्चीवर बसवून वहिनीनं पोरांनी आणलेला आपला हार त्यांच्या गळ्यात घातला. गजाननने चारच्या सुमारास केबल जोडली होती आणि पेढेही तोच घेऊन आला. पिंग पुन्हा चाळीसवर.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. मी पुण्यातल्या माझ्या एका मित्राला, तो मोठमोठी नेटवर्कं सांभाळतो, राउटरच्या नोंदीचे, पिंगचे सगळे फोटो पाठवले. त्यानं आधी राउटरच्या नोंदीत चूक असेल म्हटलं. मग गजाननने काढलेला खड्ड्याचा फोटो पाहिला आणि म्हणाला, दुसरी लाइन असेल. दुसरी लाइन नाही. शेजाऱ्याचं वाय-फाय? गाव बंद होतं, आणि लॅपटॉपचं वाय-फाय मी स्वतः बंद केलेलं. आता तो माझा फोन आला की आधी विचारतो, "ते नाही ना?"

मागच्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. तो राउटर खोलून पाहिला, लॅपटॉप तपासला, केबलला मीटर लावून पाहिला. काहीही वेगळं नाही. अगदी साधा, बाजारात मिळतो तसा डबा. मी जमिनीवर स्क्रू पसरून बसलो होतो आणि भीमाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मी त्यांना विचारलं, "मावशी, तुमाले काय वाटते, कसं झालं असन?"

त्या म्हणाल्या, "माहं बोलनं तिकडं पोचलं ना? मंग झालं."

वहिनी आता काठीशिवाय चालते. तिनं चहाचा कप माझ्यापुढे ठेवला, ते सगळे स्क्रू पाहिले आणि हसायलाच लागली. "भाऊजी, कारण तुम्ही शोधत बसा," ती म्हणाली. "मी तं डॉक्टर झाली."