सगळ्या ओळी

लिंबागणेशच्या गुंडप्पा किराणावाल्यांची थोरली मुलगी ईश्वरी बीडला एका महिला मदत संस्थेत संगणकाचं काम बघायची. नवऱ्याच्या मारापासून पळालेल्या बायकांच्या नोंदी तिच्या ताब्यात असत. तालुक्यातालुक्यांत संस्थेची केंद्रं होती आणि प्रत्येक केंद्राला तक्त्यातल्या फक्त आपल्याच बायकांच्या ओळी दिसाव्यात, हा नियम तिनेच बसवला होता. "एक पत्ता तेवढा बघून सांगा," म्हणणाऱ्या पुढाऱ्यालाही तिने सरळ नाही म्हटलं होतं.

मार्चमध्ये अहवालाची घाई झाली. ईश्वरीने मूळ तक्त्यावर एक 'व्ह्यू' बनवला, म्हणजे त्याच माहितीकडे बघायची तयार खिडकी, आणि ती सगळ्या केंद्रांना खुली केली. स्वतःच्या लॉगिनने तपासली. सगळं बरोबर दिसलं. दुसऱ्या कुणाच्या लॉगिनने बघायचं मात्र राहून गेलं.

एप्रिलमध्ये नेकनूरला कावेरी नावाच्या बाईवर कोयत्याचे वार झाले. ती धारूरकडची, मावशीकडे लपून राहिलेली. नवरा भर दुपारी थेट त्या दारात आला होता. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

तो पत्ता फक्त संस्थेकडे होता. ईश्वरीने कोणी काय शोधलं याची यादी काढली. धारूर केंद्राच्या हरिओमने कावेरीचं नाव दोनदा शोधलं होतं. तिची नोंद बीड केंद्राकडे होती; ती ओळ धारूरच्या माणसाला दिसलीच कशी? तिने धारूरच्या अधिकाराने आत जाऊन पाहिलं. मूळ तक्ता नियमाने वागत होता. व्ह्यू मात्र बनवणारीच्या अधिकाराने चालत होता. ईश्वरीला सगळं बघता येई, म्हणून त्या खिडकीतून प्रत्येकालाच जिल्ह्यातली प्रत्येक बाई दिसत होती. दीड महिना.

तिने खिडकी तिथल्या तिथं बंद केली आणि संस्थेच्या प्रमुख मनिषाताईंना सांगितलं.

"दुरुस्त झालं ना? मग लिहून कशाला द्यायचं?" ताई म्हणाल्या. "उद्या संस्था बंद पडली तर बाकीच्या बायांनी कुठं जायचं?"

तरी ईश्वरीने दोन पानं लिहिली, पहिल्याच ओळीत स्वतःची चूक घातली आणि ती पोलीस ठाण्यात नेऊन दिली.

हरिओमला धरलं. "तिचा नवरा माझा दोस्त. समजूत घालून आणतो म्हनला, म्हनून पत्ता दिला," एवढंच त्याने सांगितलं. चौथ्या दिवशी त्याला जामीन मिळाला. ईश्वरीची नोकरी गेली. पावसाळ्याआधी दोन केंद्रांना कुलूप लागलं, त्यातलं एक धारूरचं.

मधल्या काळात ईश्वरी दवाखान्यात जाऊन आली. खाटेशेजारी उभी राहून तिने कावेरीला सगळं सांगितलं, काही न लपवता.

कावेरीने पट्टी बांधलेला हात उचलून मांडीवर घेतला. "पत्ता लिहू का, म्हनून केंद्रातल्या ताईनं इचारलं होतं मला," ती म्हणाली. "मी म्हनलं, लिहा. आपल्याच बायांपाशी हाय."

"माझ्यामुळं झालं."

"कोयता तर त्यानं चालवला. पर तुमी तपासायला पायजे होतं."

"हो."

"आता इथून कुठं जानार, ते मी तुमाला सांगत न्हाई."

"नका सांगू," ईश्वरी म्हणाली.