दिवसभर चव घेऊन घरी आल्यावर

पाकशास्त्राची डिग्री घेऊन पुढे काय, असं इथे ग्रुपवर बऱ्याच जणी विचारतात. माझ्यासोबतचे कोणी हॉटेलात लागले, कोणी जहाजावर. मी सुप्याच्या एका मसाला कंपनीत चव घेते. तेच माझं काम.

आज रश्श्याच्या नव्या मसाल्याचे नमुने होते. चमचाभर तोंडात घ्यायचं, थुंकायचं, कोमट पाण्याने चूळ भरायची, मार्क द्यायचे, की पुढची वाटी. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसले तेव्हा जीभ चामड्यासारखी झाली होती.

घरी आईने डाळींची झणझणीत शिपी आमटी केलेली. चमचा पुढे करून म्हणाली, "मीठ बघ गं." मला काहीच कळलं नाही. तरी "बरोबर आहे" म्हणून मोकळी झाले.

वडिलांनी पहिला घास खाल्ला आणि तांब्या ओढला. "लई खारट झालंय. आन् हिला चव घ्यायचा पगार देत्यात." ते हसले, मीही हसले.

आई हसली नाही. आमटीत पाणी ओतत हळूच म्हणाली, "मंग माझ्या हातची चवबी कळंना व्हय तुला?"

"दमलेय गं," एवढंच म्हणाले. खरं तर हल्ली घरचं जेवण गरम आहे की गार, इतकंच मला कळतं. तुम्ही तिला काय सांगितलं असतं?